गोयी लिधी का?

आमच्या घरात कपबश्या होत्या, पण कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवर, वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलेल्या. नववीपासून मला चहा स्टीलच्या पेल्यात मिळायचा, कारण दोन महिन्यांत माझ्या हातून पाच कप फुटले होते. पाचही सकाळी. दुपारी शेवभाजीचं उकळतं पातेलं मी चुलीवरून थेंब न सांडता उतरवायचे. पण झोपेतून उठल्यावर पहिला अर्धा तास हातातली वस्तू हातात राहीलच याची खात्री नसायची. खांद्यापासून एक हिसका यायचा, हाताला उचकी लागावी तसा, की कप गेला, दात घासायचा ब्रश गेला, एकदा तर कंगवा उडून थेट पाण्याच्या हंड्यात. आई म्हणायची, "धसमुसळी आहेस." फुई, म्हणजे माझी आत्या, म्हणायची, "सासरी जाऊन असंच करशील तर भांडी तुझा बाप पुरवील का?" आपण धसमुसळ्या आहोत हे मीही मान्य करून टाकलं होतं.

मग २००० सालचा श्रावण आला.

अमळनेर तालुक्यात, बोरीच्या काठावर आमचं गाव. खानदेशाबाहेरच्या वाचकांसाठी सांगते: नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई बसते. नारळाची देवी, तिला नथ, दागिने, फुलं. सुरतेला, मुंबईला पोटासाठी गेलेली भाऊबंदकी त्या दिवशी गावात परत येते, रोटांचा स्वयंपाक होतो आणि रात्रभर जागर चालतो. गाणी, फुगड्या, हसणं. सोमवारी सकाळी बाया देवीचा चौरंग डोक्यावर घेऊन वाजतगाजत नदीवर निघतात. त्या रात्री मी डोळ्याला डोळा लावला नव्हता. सोळा वर्षांची होते, अकरावीत नुकतीच गेलेली, झोपायचं कोणाला होतं! उजाडता उजाडता चुलतबहिणीबरोबर फुगडीला उभी राहिले आणि हातांना हिसके सुरू झाले. एक, दुसरा, मग लागोपाठ. पुढचं मला फक्त ऐकून माहीत आहे.

मी म्हणे किंचाळले, ताठ झाले, खाली पडले आणि हातपाय झाडायला लागले. देवीसमोर, जागराच्या सकाळी. बायांना दुसरं काय वाटणार? "पोरीना अंगमा कानबाई उनी वं माय!" असा गलका झाला. कोणी कुंकू लावलं, कोणी पाया पडलं, एका काकूने पाऊस कधी पडेल तेही विचारून घेतलं. मी शुद्धीवर आले तेव्हा कपाळभर कुंकू होतं, जीभ एका कडेला चावली गेली होती, अंग असं दुखत होतं की जणू रात्रभर ऊस तोडला, आणि आजी माझ्याजवळ बसून बाकीच्यांना विचारत होती, "देवी उनी व्हती तं परकर वला कसा व्हयना?" म्हणजे, देवी आली होती तर परकर ओला कसा झाला?

आजी कधी शाळेची पायरी चढली नव्हती. पण आमच्या घरातलं पहिलं निदान तिचंच.

*

त्यानंतरची दोन वर्षं लिहिताना अजून कंटाळा येतो. तालुक्याच्या ठिकाणी एका दवाखान्यात दाखवलं. डोक्याचा सीटी स्कॅन नॉर्मल, मेंदूतली वीज कागदावर उतरवणारा ईईजी नॉर्मल. खरं तर यात आनंद वाटायला हवा होता. पण नॉर्मल रिपोर्टने आमच्या घरात उलटाच घोटाळा केला. मशीनला काही सापडत नाही, म्हणजे हे बाहेरचंच, असा फुईचा हिशोब. मग भगत, उतारा, लिंबू. फिट आली की कोणी कांदा फोडून नाकाशी धरायचं, कोणी चप्पल हुंगवायचं, कोणी मुठीत लोखंडी किल्ली कोंबायचं. एकदा दातखीळ सोडवायला चमचा घातला आणि माझ्या पुढच्या दाताचा टवका गेला. तो अजून तसाच आहे, हसताना दिसतो.

ईईजीबद्दल मला पुढे जे कळलं ते तेव्हा कोणी सांगायला हवं होतं. तो काढतात अर्ध्या-पाऊण तासाचा, आणि त्या वेळी मेंदू शांत असेल तर कागदावर रेघा चारचौघांसारख्याच येणार. फिट येणाऱ्या जवळपास निम्म्या लोकांचा पहिला ईईजी नॉर्मल येतो. अपस्मार, म्हणजे फिटचा आजार, आहे की नाही हे डॉक्टर मुख्यतः ठरवतात ते काय घडलं, कसं घडलं, कोणी पाहिलं हे ऐकून. आमच्या बाबतीत ते नीट कोणी विचारलं नाही आणि आम्हीही सांगितलं नाही. हिसक्यांबद्दल तर नाहीच. धसमुसळेपणा हा काय डॉक्टरला सांगायचा आजार आहे?

गोळी सुरू झाली कार्बामाझेपिनची. औषध वाईट नाही. मेंदूच्या एका कोपऱ्यातून सुरू होणाऱ्या फिटवर ते छान चालतं. पण माझ्या प्रकारच्या आजारात ते हिसके वाढवू शकतं. माझे वाढले. आधी कप पडायचे, आता मी स्वतः पडायला लागले. बारावीच्या परीक्षेत, रात्री दोनपर्यंत अभ्यास करून सकाळी पेपरला निघताना, दारातच फिट आली. तो पेपर बुडाला.

त्यानंतर नानांनी, माझ्या वडिलांनी, कापूस विकून आलेले पैसे धोतराच्या कनवटीला लावले आणि मला नाशिकला नेलं.

तिथल्या न्यूरोलॉजिस्टांनी आधीचे रिपोर्ट बाजूला ठेवले आणि पहिलाच प्रश्न विचारला, "सकाळी उठल्यावर हातातून वस्तू पडतात का?"

आई माझ्याकडे बघतच राहिली. मग एकच शब्द म्हणाली, "कप."

*

त्यांनी पुन्हा ईईजी काढायचं ठरवलं, पण अट घातली: रात्रभर जागून यायचं. कारण जागरणाने दमलेल्या मेंदूत बिघाड लवकर दिसतो. मला हसू आलं. ज्या जागरामुळे इथवर आले तोच आता डॉक्टर चिठ्ठीवर लिहून देत होते. सीबीएस बसस्थानकाजवळच्या लॉजच्या खोलीत नाना, आई आणि मी पत्ते खेळत बसलो. नानांना पत्त्यांत फक्त गाढव येत होतं. पहाटे तीनला मला डुलकी लागली की ते मांडीवर चापट मारायचे आणि त्यांना लागली की आई. पुढे आयुष्यात मी नानांबरोबर सलग इतका वेळ कधी बसले नाही.

सकाळी केसांना तेलाचा थेंब नको म्हणून दोनदा शांपू लावला. टेक्निशियनने टाळूवर मापं घेऊन ठिपके काढले, पेस्ट लावून वीसेक तारा चिकटवल्या. मेंदूतली वीज टाळूवर पोचेपर्यंत इतकी क्षीण होते की ती व्होल्टच्या दहा लाखाव्या भागात मोजावी लागते. आधी तीन मिनिटं जोरजोरात श्वास घ्यायला लावला, मग डोळ्यांसमोर दिवा लुकलुकवला, मग झोपू दिलं. मला फक्त झोप आठवते. पण कागदावर दिव्याच्या लुकलुकीबरोबर आणि जाग येताना रेघांचे टोकदार झुबके उमटले होते. डॉक्टरांनी ते नानांना दाखवले. नाना म्हणाले, "हे तर कपाशीवर मावा पडल्यासारखं दिसतं." त्यांनी आजवर पाहिलेल्या बिघाडांपैकी तोच त्यांना जवळचा वाटला असावा.

या यंत्राची गोष्ट मला फार नंतर वाचायला मिळाली आणि ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. जर्मनीतल्या येना शहरात हान्स बर्गर नावाचे मानसोपचारतज्ज्ञ होते. तरुणपणी सैन्यात असताना ते घोड्यावरून पडले, थोडक्यात वाचले, आणि त्याच दिवशी घरून तार आली: दूर गावी बहिणीच्या मनात भावाबद्दल अचानक भीती दाटली होती. एका मनाचं दुसऱ्या मनाला कसं कळतं, हे शोधायला हा माणूस आयुष्यभर मेंदूच्या मागे लागला. ते कोडं काही सुटलं नाही. पण १९२४ साली त्यांना माणसाच्या मेंदूतून निघणारी वीज कागदावर उतरवता आली आणि १९२९ साली त्यांनी ती जगापुढे मांडली. ते अद्भुत शोधायला गेले आणि त्यांना वीज सापडली. आमच्या गावात विजेचं काम होतं आणि बायांना अद्भुत सापडलं होतं.

एमआरआय नॉर्मल आला. या आजारात तो नॉर्मलच येतो, हे डॉक्टरांनी या वेळी आधीच सांगून ठेवलं, त्यामुळे फुईला वाव राहिला नाही. आजाराचं नाव ज्युव्हेनाइल मायोक्लोनिक एपिलेप्सी. वयात येताना सुरू होतो, सकाळी हातांना हिसके, मधूनच मोठी फिट, आणि झोप मोडली की हमखास. औषधाला चांगली दाद देतो, पण बहुतेकांना गोळी कायम घ्यावी लागते.

त्याच दवाखान्याच्या बाकावर साक्री तालुक्यातले एक माळकरी बाबा भेटले होते. गळ्यात तुळशीमाळ, कपाळाला बुक्का, आणि डोक्यात डुकराच्या पट्टकृमीची गाठ. ते कमालीचे संतापलेले. "मी अंडंसुद्धा खाल्लं नाही हो जन्मात!" मग डॉक्टरांनी समजावलं: या कृमीची अंडी माणसाच्या विष्ठेतून माती-पाण्यात जातात आणि न धुतलेल्या पालेभाजीवरून, मुळ्या-गाजरावरून कोणाच्याही पोटात येतात. तिथून त्यांच्या अळ्या मेंदूत जाऊन बसतात. आपल्याकडे फिट येण्याचं हे एक मोठं कारण आहे, आणि मांस खाण्याशी त्याचा थेट संबंध नाही. बाबांना बरंच बरं वाटलं. माझ्याकडे बघून म्हणाले, "माझी गाठ विरघळली की गोळी सुटेल म्हणतात. तुझं कसं?" मी म्हटलं, "माझी नाही सुटणार." त्यांनी पिशवीतून पेढा काढून माझ्या हातावर ठेवला.

*

नवी गोळी व्हॅल्प्रोएटची, सकाळी सात आणि रात्री नऊ. हे रसायन माणसाने १८८२ सालीच बनवलं होतं आणि ऐंशी वर्षं ते दुसरी रसायनं विरघळवायला वापरत होते. ते स्वतःच फिट थांबवतं हे १९६०च्या दशकात फ्रान्समध्ये अपघातानेच लक्षात आलं. महिन्याभरात माझे हिसके थांबले. केस गळाले, वजन सात किलोने वाढलं, बोटं जरा थरथरायची. दर काही महिन्यांनी रक्त तपासायचं, यकृत आणि प्लेटलेट ठीक आहेत ना बघायला. मला ते सगळं चालणार होतं. आईने वरच्या फळीवरचे कप खाली काढले.

आजीने मात्र नऊची जबाबदारी स्वतःकडे घेतली. तिला घड्याळ कळत नव्हतं, पण बातम्या संपल्या की ओसरीवरून आवाज यायचाच: "गोयी लिधी का वं?" गोळीला गोयी, घेतलीला लिधी, आमची अहिराणी अशीच. पाहुणे असोत, भांडण चाललेलं असो, हा प्रश्न चुकला नाही. मोबाइलमधला कुठलाही गजर मला अजून तितका भरवशाचा वाटत नाही.

डॉक्टरांनी एक वही ठेवायला सांगितली होती. मी वहीऐवजी भिंतीवरचं कालनिर्णय घेतलं. हिसके आले तर निळा ठिपका, फिट आली तर लाल. याचा एक उपयोग डॉक्टरांनीही कल्पिला नसेल. फुईचं ठाम मत होतं की मिरगी अमावास्या-पौर्णिमेला येते. कालनिर्णयवर तिथ्या छापलेल्याच असतात. मागचे आठवतील तेवढे दिवस टाकून मी तीन वर्षांचे ठिपके लावले आणि तिला दाखवले. अमावास्येला एकही लाल ठिपका नव्हता. ठिपके होते कानबाईच्या दुसऱ्या दिवशी, वैशाखात मामाच्या मुलीच्या हळदीनंतर, परीक्षेच्या सकाळी, आणि बरेचसे निळे पाळीच्या आधीच्या दोन दिवसांत. फुई चष्मा लावून बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "म्हणजे तुला फक्त झोप पाहिजे?"

हो. बऱ्याच अंशी तेवढंच. पण एखाद्या बाईने तेवढंच मागून बघावं.

*

आमच्याकडे झोप ही बाईची स्वतःची नसते. पोर, सासरा, पाहुणा, देव, पाणी या सगळ्यांचं झालं की उरलेली तिची. उशिरा झोपणं आणि आधी उठणं यावर सुनेची किंमत ठरते. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो, लाईट जाते, अख्खं घर धाब्यावर जाऊन पडतं आणि पहाटे गार वारा सुटल्यावर जेमतेम डोळा लागतो, तोच बाईच्या उठण्याची वेळ होते. लग्नाची हळद रात्री, वरात रात्री, जागर रात्री. आमची सगळी मजा रात्रीची आहे आणि माझ्या मेंदूला रात्र फक्त झोपायला हवी.

२००७ साली माझं लग्न झालं, तापीपलीकडे, चोपडा तालुक्यात. डी.एड. होऊन शाळेत लागले होते. पाच वर्षांत फिट नव्हती. सांगायचं की नाही यावर घरात आठवडाभर खल झाला. फुई म्हणाली, सांगशील तर उंबऱ्यावरच मोडेल. नाना गप्प. मीही गप्प, आणि ते गप्प राहणं माझंच होतं, ते मी कोणावर ढकलत नाही. हिंदू विवाह कायद्याच्या अटींमधून अपस्मार हा शब्द १९९९ सालीच काढून टाकला आहे हे मला तेव्हा माहीत नव्हतं. असतं तरी काय फरक पडला असता कोण जाणे. कायद्यातला शब्द दिल्लीत निघतो, तो फुईच्या तोंडून निघायला वेळ लागतो.

मग सुरू झाली लपवाछपवी. गोळ्यांची पट्टी फोडून साबुदाण्याच्या डब्यात तळाला ठेवली. रात्री नऊ ही सासरी जेवणाची वेळ. सगळ्यांना वाढताना डबा कसा उघडणार? मग गोळी दहाला, कधी साडेअकराला, कधी नाहीच. हरतालिकेला निर्जळी उपास, तेव्हा गोळीचा घोट पाणीसुद्धा चोरून. शेतीची लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रीच्या आठवड्यात हे एकला केळीच्या बागेत ठिबकचे व्हॉल्व्ह फिरवायला जायचे, मी उठून चहा करून द्यायची, परत येईपर्यंत जागी राहायची, आणि पाचला सडा टाकायला अंगणात. चौथ्या महिन्यात, अशाच एका आठवड्यात, पहाटे फिट आली.

हे शेजारीच होते. घाबरून त्यांनी मला उचलून बसवायचा प्रयत्न केला. हिसक्यात माझा खांदा निखळायचाच बाकी होता. मी शुद्धीवर आले तर खोलीत सगळं घर उभं. हे तीन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. चौथ्या दिवशी म्हणाले, "आजाराचा राग नाही. साबुदाण्याच्या डब्याचा आहे." सासूबाई माझ्या आईला फोनवर जे बोलल्या ते इथे लिहिण्यासारखं नाही आणि त्यात त्यांचं फारसं चुकलंही नव्हतं. पण फोन ठेवल्यावर त्यांनी मला विचारलं, "मग आता काय काय पाळावं लागतं?"

इतक्या वर्षांत घरातल्या माणसाने मला हा प्रश्न पहिल्यांदाच विचारला होता. गोळी नऊलाच, उशीर चालणार नाही. झोप सलग सात तास. उपास करीन पण पोट पूर्ण रिकामं ठेवून नाही, आणि गोळीने उपास मोडत नाही. न्हाणीघराला आतून कडी नाही. चुलीपुढे एकटीने बसायचं नाही, विहिरीवर एकटीने जायचं नाही. ही यादी सांगताना मला वाटत होतं की मी नवस मागतेय. त्या ऐकून घेऊन म्हणाल्या, "सडा मी टाकते. तसंही मला चारलाच जाग येते." गोळ्यांची पट्टी साबुदाण्यातून निघाली आणि मिठाच्या बरणीशेजारी आली. सगळ्यांच्या नजरेसमोर. मी विसरले तर आता सहा माणसं आठवण करून द्यायला होती.

तेव्हापासून माझं मत झालंय की झोप मोडणं आणि गोळी चुकणं यांच्याही मागे माझा एक मोठा ट्रिगर होता, आणि तो म्हणजे लपवणं. बाकीचे दोन त्याच्याच पोटात वाढत होते.

*

मूल हवं असं ठरल्यावर आधी नाशिकला गेलो, हे आमचं शहाणपण. व्हॅल्प्रोएट पोटातल्या बाळाला धोक्याचं आहे. ते घेणाऱ्या आयांच्या दहातल्या साधारण एका बाळात जन्मजात व्यंग आढळतं, आणि दहातल्या तीन-चार मुलांची वाढ, बोलणं, शिकणं मागे पडतं. पण गोळी अचानक बंद केली तर फिटवर फिट येऊन आई आणि बाळ दोघंही जाऊ शकतात. म्हणून दिवस राहायच्या आधी, महिने घेऊन, एक गोळी हळूहळू उतरवत दुसरी चढवायची. लेव्हेटिरासिटॅम सुरू झाली, सोबत फॉलिक ॲसिड. या नव्या गोळीने केस परत आले, पण स्वभाव गेला. मी भाजीत मीठ कमी आहे यावरून रडायचे आणि जास्त आहे यावरून भांडायचे. हे शांतपणे विचारायचे, "तू बोलतेस का गोळी?" काही महिन्यांनी ते निवळलं. २०१० साली मुलगी झाली. रात्रीचं दूध पाजणं ही माझ्यासाठी सगळ्यात धोक्याची वेळ, म्हणून मी संध्याकाळीच दूध काढून ठेवायची आणि बारा ते पाच मुलगी सासूबाईंकडे. शेजारणी म्हणायच्या, कशी आई आहे, पोर आजीजवळ टाकून घोरते. सासूबाई म्हणायच्या, "घोरू द्या."

बाकीच्या सावधगिऱ्या आता अंगवळणी पडल्यात. लुकलुकणाऱ्या दिव्याचा त्रास फिट येणाऱ्या सगळ्यांना होत नाही, शंभरातल्या तीनेकांनाच. पण माझ्या आजारात जास्त, आणि मी त्यातली. त्यामुळे वरातीत डीजेच्या गाडीपासून लांब. एसटीत खिडकीशी बसलं आणि रस्त्याकडेच्या झाडांमधून ऊन-सावली भराभर डोळ्यांवर आपटायला लागली की एका डोळ्यावर तळवा घट्ट धरायचा. दोन्ही डोळे नुसते मिटून भागत नाही. सर्दीला कापराच्या वड्या आणि निलगिरीचं तेल आमच्या घरात आणत नाहीत, त्यानेही फिट येऊ शकते. दातदुखी असो की ताप, कुठल्याही डॉक्टरपुढे बसलं की पहिलं वाक्य, "मला फिटचा आजार आहे," कारण काही अँटिबायोटिक आणि ट्रॅमाडॉलसारखी वेदनाशामकं माझ्यासारख्यांना चालत नाहीत. मेडिकलवाला दुसऱ्या कंपनीची गोळी द्यायला लागला तर मी घेत नाही, आणि पट्टीत पंधरा दिवसांच्या गोळ्या उरल्या की नवी आणते. गाडी चालवत नाही. लायसन्सच्या अर्जातच अपस्माराबद्दल प्रश्न असतो. तिथे खोटं लिहिण्यापेक्षा यांच्या मागे बसलेली बरी.

आणि शाळा. चार वर्षांपूर्वी माझ्या तिसरीच्या वर्गात एक मुलगा होता, त्याला सगळे शून्य म्हणायचे. कविता म्हणता म्हणता मध्येच थांबायचा, नजर फळ्यापलीकडे, पापण्या हलक्या फडफडायच्या, आणि दहा सेकंदांनी पुढचा शब्द. आधीच्या बाईंनी त्याच्या पाठीत धपाटे घातले होते. मी एका दिवसात तसं अकरा वेळा मोजलं. त्याच्या वडिलांना घेऊन मीच डॉक्टरांकडे गेले. त्यांनी काय करावं? कागदाची एक पट्टी मुलाच्या तोंडापुढे धरली आणि म्हणाले, फुंकत राहा, थांबायचं नाही. मिनिटभरात पट्टी हलायची थांबली. मुलगा तिथेच, डोळे उघडे, आणि घरी कोणी नाही. वडील खुर्चीवरून उठून उभेच राहिले. औषधाने त्याच्या त्या गैरहजेऱ्या थांबल्या. आता सातवीत आहे, गणितात माझ्यापेक्षा हुशार.

वर्गाला मी माझ्याबद्दल दरवर्षी जूनमध्येच सांगून टाकते. बाई पडल्या तर काय करायचं, याचा आम्ही खेळ करतो. एकाने घड्याळ बघायचं. दोघांनी बाक सरकवायचे. एकाने दप्तर डोक्याखाली, मग हळूच कुशीवर. हातपाय दाबून धरायचे नाहीत. तोंडात बोट, चमचा, पाणी काही नाही. पाच मिनिटांत थांबलं नाही तर मुख्याध्यापकांना सांगून गाडी. कांदा कोणी आणायचा, असं एका मुलीने विचारलं होतं. मी म्हटलं, तो पोह्यात घाल.

*

यंदाच्या कानबाईला आमची मुलगी पहिल्यांदा रात्रभर जागली. दहावीत आहे. मला नऊला गोळी, दहाला आतली खोली, पंखा पूर्ण वेगात. बाहेर गाणी चढत होती. दाराशी सासूबाई बसल्या होत्या. सुरतेहून आलेली एक जाऊ मला फुगडीला बोलवायला आली, तिला त्यांनी दारातूनच परत पाठवलं. मला भिंतीपलीकडून टाळ्या ऐकू येत होत्या. पंचवीस वर्षांत एक जागर पुरा केलेला नाही. वाईट वाटतं. वाटेना का.

सकाळी सहाला उठले. अंगणात चौरंग सजत होता. मुलगी ओट्यावर बसली होती, डोळे लाल, केस विस्कटलेले, हातात कपबशी. तिच्या वयाच्या आसपासच माझे कप फुटायला लागले होते. आईला असला म्हणून मुलीला होतोच असं नाही, बहुतेकांना होत नाही, हे मी स्वतः लोकांना समजावते. तरीही मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून तिच्या मनगटाकडे बघत राहिले. तिने बशीत चहा ओतला. फुंकर मारली. प्याली. पुन्हा ओतला.

"आई," माझ्याकडे न बघताच ती म्हणाली, "काही उडत नाहीये." मग मान वळवून, माझ्या आजीची नक्कल करत, जी आजी तिने कधी पाहिलीही नाही: "गोयी लिधी का वं?"

सहा वाजून वीस मिनिटं झाली होती. माझी गोळी सातची. मी तिच्या बाजूला जाऊन बसले आणि उरलेला चहा मागितला.